जवसाचे पंख

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले होते. पूर्णेजवळच्या आमच्या शेतात दादानं सकाळीच आगटी पेटवली. गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, नीट भाजली की ओढून काढायची, गोणपाटावर चोळायची आणि गरम दाणे समोरच्याच्या ओंजळीत टाकायचे, हे काम तो दुसऱ्या कुणाला करू देत नाही. सोबत गूळ, दही आणि वहिनीनं खलबत्त्यात कुटलेली जवसाची चटणी. भाची मुंबईहून आली होती. ती विमानांच्या देखभालीचं काम करते. गेल्या वर्षी प्रशिक्षणासाठी सहा आठवडे इंग्लंडला जाऊन आली. हात धुऊन तिनं पिशवीतून एक वस्तू काढली. शाळेच्या पाटीएवढी लाकडी चौकट आणि तिच्यावर ताणून बसवलेलं फिकट पिवळसर कापड.

"मोठे मामा, हे काय आहे ओळखा."

दादा पूर्णेच्या लोकोशेडात फिटर होता. मीटरगेजची वायपी आणि वायजी इंजिनं त्याच्या हाताखालून गेली. आता सत्त्याहत्तर वर्षांचा आहे, पण वस्तू हातात आली की डोळ्यांआधी त्याची बोटं चालतात. त्यानं चौकट कानाजवळ धरली आणि मधल्या बोटाचं नख मारलं. टण्ण झालं.

"हलगी हाय की. चामड्याच्या जागी कापड लावलंय."

"कापड कशाचं?"

त्यानं अंगठा फिरवला. "सुती न्हाई. जाड हाय, खरखरीत हाय."

"जवसाचं," ती म्हणाली आणि चटणीच्या वाटीकडं बोट केलं.

दादाला ते खरं वाटेना. मग तिनं सांगितलं. आपण रब्बीत पेरतो ते जवस बुटकं, फांद्या फुटणारं, बियांसाठीचं. त्याच झाडाची दुसरी जात उंच, सरळ वाढते. तिच्या सालीच्या धाग्यापासून लिनन विणतात. आयर्लंडचं लिनन विमानासाठी सगळ्यात चांगलं समजलं जाई. लाकडाच्या सांगाड्यावर ते चढवायचं, मेण लावलेल्या दोऱ्यानं ठरावीक अंतरावर गाठी मारून शिवायचं आणि वरून डोप नावाचं रोगण द्यायचं. रोगण वाळताना आकसतं आणि कापडाला ताण देतं. वाजवण्याआधी हलगी जाळावर का तापवतात हे ज्याला माहीत आहे, त्याला याहून जास्त सांगावं लागत नाही. चौकट तिनं स्वतः शिवली होती. वाकून वास घेतला तर अजून नखांच्या पॉलिशसारखा उग्र दर्प येत होता.

"असे पंख असलेल्या विमानात मी बसून आले," ती म्हणाली. "दोन मजली पंखांच्या. वीस मिनिटांची फेरी."

पुढं संध्याकाळपर्यंत जो वाद चालला, तो असा सुरू झाला. मी इतिहासाचा मास्तर, निवृत्त. एरवी मी अशा वादात पंच होतो. त्या दिवशी मला पंच राहता आलं नाही.

दादाचा पहिला प्रश्न फिटरचाच होता. "दोन मजले कशाला? एका पंखानं भागत न्हाई?"

"पूर्णेच्या रेल्वे पुलाचा गर्डर आठवा. वर एक पट्टी, खाली एक पट्टी, मधे उभे खांब आणि तिरक्या पट्ट्या. एकटी पट्टी वाकते, पण अशी बांधली की गाडी पेलते. लाकूड पातळ होतं, इंजिनं कमजोर होती, वजन परवडत नव्हतं. म्हणून वर एक पंख, खाली एक, मधे खांब आणि तिरक्या पोलादी तारा. सगळं मिळून गर्डर झाला."

दादा खूश झाला. त्यानं नव्या पाहुण्याला द्यावा तसा तिला हुरड्याचा पहिला घास दिला. "आणि तारा?"

"गुणगुणतात. हवेनं. इंजिनाच्या आवाजाखाली ऐकू येतात. खिडकीतून बघितलं तर पंखावरचं कापड बारीक थरथरत असतं. आजच्या विमानात आपण हवेतून जातो हे कळतच नाही, मामा. त्यात कळतं."

तिनं फेरी केली ती डक्सफर्डला. केंब्रिजजवळचं हे पहिल्या महायुद्धाच्या काळापासूनचं विमानतळ आहे आणि आता तिथं मोठं युद्धसंग्रहालय आहे. विमान होतं डी हॅविलंड कंपनीचं ड्रॅगन रॅपिड, १९३४ साली पहिल्यांदा उडालेल्या जातीचं. पण तिचं मन अडकलं होतं दुसऱ्याच विमानात. त्याच कंपनीचं, त्याहून जुनं, डीएच-९.

"हे विमान बॉम्ब टाकायला बनवलं होतं," तिनं सांगितलं. "युद्ध संपलं आणि शेकडो विमानं रिकामी झाली. ज्यांना उडवता येत होतं ते वैमानिकही रिकामे झाले. त्यांनी ही विमानं स्वस्तात घेतली आणि गावोगाव फिरायला लागले. मोकळं रान बघायचं, उतरायचं, चार पैसे घेऊन लोकांना वर नेऊन आणायचं. नेव्हिल विन्सेंट नावाचा हवाई दलातून बाहेर पडलेला माणूस १९२९ च्या सुमारास डीएच-९ घेऊन आपल्याकडं हिंदुस्थानात हेच करत होता. लोकांना फेऱ्या मारून आणत होता."

"म्हंजे उरुसातला पाळणा," दादा म्हणाला.

परभणीच्या तुराबुल हक साहेबांच्या उरुसात आम्ही लहानपणापासून जातो. फेब्रुवारी लागला की आकाशपाळणे उभे राहतात. दादानं ते टाकून बोलल्यासारखं म्हटलं होतं, पण भाचीनं तेच उचललं.

"हो, पाळणाच. पाळण्यात बसून माणूस कुठं जातो? जिथून चढला तिथंच उतरतो. या फेरीचंही तसंच. आणि म्हणून ती महत्त्वाची आहे. त्या काळी कुणाला विमानानं कुठं जायचं नव्हतं. विमान मारायला येतं एवढंच लोकांना माहीत होतं. ही वस्तू आपल्याला वर नेते आणि सुखरूप खाली आणून सोडते, हा भरवसा आधी बसावा लागला. तो पाच-दहा मिनिटांच्या फेऱ्यांनी बसला. विन्सेंटचंच बघा. फिरता फिरता मुंबईत त्याची जेआरडी टाटांशी गाठ पडली. हवाई टपालाची कल्पना त्यानं मांडली. सरकारनं पैसे द्यायचं नाकारलं, तीन वर्षं गेली. शेवटी टाटांनी दोन लाख रुपये घातले. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले आणि जुहूहून बेल्लारीमार्गे मद्रासला ते कुणी नेलं? विन्सेंटनं. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. पुढं जी एअर इंडिया झाली, तिच्या मुळाशी फेऱ्या मारणारा एक माणूस आहे."

हा मुद्दा मला नवा होता आणि पटला. जेआरडींचं नाव शाळेतली पोरंही सांगतात. विन्सेंटचं कुणी सांगत नाही. जानेवारी १९४२ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असताना, तो ज्या विमानातून जात होता ते फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ पाडलं गेलं. जुहूचं ते पहिलं विमानतळ म्हणजे साधी मातीची पट्टी होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई आणि सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. तरी पहिल्या वर्षात टाटांच्या विमानांनी १,६०,००० मैल उड्डाण केलं, १५५ प्रवासी नेले आणि साठ हजार रुपये नफाही मिळवला.

दादा मात्र मागच्या वाक्यावर थांबला होता. "बॉम्बचं विमान म्हणलीस."

"हो."

"मग त्याच्यात बसून फेरी मारायची हौस काहून? ज्याच्या पोटाखाली बॉम्ब बांधले, त्याला रंग देऊन जत्रंत उभं करायचं?"

इथं मला बोलावं लागलं. कारण मला एक गोष्ट माहीत होती आणि ती आमच्या घराशी येऊन थांबत होती. १९१८ साली ब्रिटिश हवाई दलाची ११० क्रमांकाची तुकडी फ्रान्सला गेली. तिची डीएच-९ए विमानं, म्हणजे याच विमानाची अमेरिकी लिबर्टी इंजिन लावलेली सुधारलेली आवृत्ती, निजाम मीर उस्मान अली खान यांनी भेट दिली होती. प्रत्येक विमानावर तसा मजकूर लिहिलेला होता. तुकडीचं नावच हैदराबाद तुकडी पडलं आणि तिच्या चिन्हात निजामाच्या मुद्रेवरचा वाघ आला. जर्मनीवर दिवसाढवळ्या बॉम्ब टाकायचं काम या तुकडीकडं होतं. अडीच महिन्यांत तिची १७ विमानं शत्रूनं पाडली आणि आणखी २८ अपघातांत मोडली.

"निजामाचा खजिना म्हणजे काय होतं, दादा?" मी म्हणालो. "आपला परभणी जिल्हा त्याच राज्यात होता. आपल्या आबांचे वडील त्या साली जो सारा भरत होते, तो त्याच खजिन्यात जात होता."

बराच वेळ कुणी बोललं नाही. आरातलं एक कणीस काळं पडलं तेव्हा दादा भानावर आला.

"शत्रूनं सतरा, आणि आपल्या आपण अठ्ठावीस," तो म्हणाला. "आकडा नीट ऐकलास का गं? दुश्मनानं जितकी पाडली त्याच्यापेक्षा जास्त नुसती उडवण्यात मोडली. आणि ती नवी कोरी होती तेव्हा."

हा वार बरोबर बसला. दादाच्या बोलण्याला धार कुठून येते हे आम्हाला ठाऊक आहे. त्यानं बॉयलर जवळून पाहिले आहेत. वॉशआउट चुकवलेल्या बॉयलरमध्ये काय साचतं, एक स्टे तुटला की शेजारच्या स्टेवर किती भार येतो, शिशाचा प्लग वितळला की फायरमन कसा उडी मारतो, हे त्याला वाचून कळलेलं नाही. जुनं यंत्र चालवण्याची हौस त्याच्यासारख्या माणसाला असेल असं लोकांना वाटतं. त्याला ती नाही. त्याचं म्हणणं सरळ आहे. चालवलं की झिजतं. जे एकच उरलंय ते झिजवू नये. गार करावं, पुसावं, तेल लावावं, छपराखाली उभं करावं आणि पोरांना दाखवावं.

भाचीनं मग तिचं हुकमी पान काढलं. बिकानेर.

पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटननं आपल्या वसाहतींना उरलेली विमानं वाटून टाकली. हिंदुस्थानच्या वाट्याला शंभर आली, त्यांतली साठ डीएच-९. पुष्कळशी खोक्यांत सडली. काही बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांकडं गेली आणि पुढं किल्ल्यातल्या हत्तीखान्यात पडून राहिली. सत्तर-ऐंशी वर्षं. २००० च्या सुमारास जुनी विमानं दुरुस्त करणारा गाय ब्लॅक हा इंग्रज तिथं पोचला, तेव्हा लाकूड उधईनं खाल्लेलं होतं. धातूचे भाग मात्र शाबूत. दोन विमानांचे अवशेष त्यानं विकत घेऊन इंग्लंडला नेले. एक जोडून डक्सफर्डच्या संग्रहालयात उभं केलं. दुसरं, ई ८८९४ क्रमांकाचं, नव्या लाकडानं, नव्या लिननच्या कापडानं बांधलं, आणि १३ मे २०१९ ला ते हवेत गेलं. तिसरं बिकानेरच्या जुनागड किल्ल्यातच आहे. पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढतात.

"एकाच हत्तीखान्यातली तीन भावंडं," ती म्हणाली. "एक उडतं, एक उभं आहे, एक घरीच राहिलं. मी दोन बघितली. जे उभं आहे त्याच्यासमोर लोक अर्धा मिनिट थांबतात आणि पाटी वाचून पुढं जातात. जे उडतं त्याचं इंजिन सुरू झालं की सगळ्या मैदानावरची माणसं माना वर करतात. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, सगळी."

"त्याच्यातलं जुनं किती?"

"म्हणजे?"

"लाकूड उधईनं खाल्लं म्हणलीस. कापड नवं. मग उडालं काय? आबांची बैलगाडी तुला आठवत न्हाई, तू नव्हतीस. चाकं दोनदा बदलली, धुरा बदलली, साटा बदलला. शेवटी कण्याचं लोखंड तेवढं जुनं राहिलं. तरी आपण तिला आबांची गाडीच म्हणायचो, ते आपल्या मायेपोटी. पण संग्रहालयात नेऊन 'ही बघा शंभर वर्षांची गाडी' असं म्हणणं खोटं झालं असतं."

"संग्रहालयातल्या विमानाचं लाकूडही उधईनंच खाल्लं होतं, मामा. तेही नव्या लाकडानं उभं केलंय. मग तिथंही तेच खोटं."

दादा हसला. "मग तिसरं. किल्ल्यातलं. ते घर सोडून गेलं न्हाई, ते खरं."

"त्याला उद्या परत उधई लागेल. काय कराल?"

इथं दोघंही अडले, आणि मला स्वतःला त्या तिसऱ्या विमानाचंच सगळ्यात जास्त वाटलं. पहिल्या दोघांना सांभाळणारी माणसं आहेत, पैसा आहे, त्यांच्याबद्दल लिहिलं जातं. जे आपल्याच मातीत राहिलं, त्याचं कापड उद्या फाटलं तर ते शिवणारा कोण आहे, हा प्रश्न मला टोचत होता. पण वाद दुसरीकडं वळला.

"हे बघ," दादा म्हणाला. "उडवा. एकट्या वैमानिकानं उडवावं. त्याला जोखीम कळते, ती त्यानं घेतली. पण तू पैशे देऊन बसणाऱ्या माणसाची गोष्ट करायलीस. तो हौशीनं आलाय. पोरीच्या वाढदिवसाला म्हणून आलाय. त्याला काय कळतं दोऱ्याला गाठ बरोबर मारली का न्हाई?"

"त्याला सांगतात. ब्रिटनच्या नागरी विमान खात्यानं काही जुन्या विमानांच्या फेऱ्यांसाठी वेगळी पद्धतच घातली आहे. हे विमान आजच्या प्रवासी विमानांच्या निकषांत बसत नाही, अमुक धोका आहे, हे आधी स्पष्ट सांगायचं. प्रवाशानं समजून घ्यायचं आणि सही करायची. मगच बसायचं."

"सही!" दादानं हातातली काडी आरात टाकली. "दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी सही घेतात, तवा कोण वाचतं? सही घेतल्यानं जोखीम कमी व्हत न्हाई. ती फकस्त एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाते."

मी भाचीकडं बघितलं. ती आतापर्यंत भराभरा उत्तरं देत होती, आता तिनं वेळ घेतला. आणि मग तिनं स्वतःच स्वतःच्या विरुद्धची गोष्ट सांगितली. तिचं मला त्या दिवशी सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते याचं. ४ ऑगस्ट २०१८ ला स्वित्झर्लंडच्या डोंगरांत युंकर्स-५२ जातीचं १९३९ साली बांधलेलं विमान हौशी प्रवाशांना घेऊन जाताना कोसळलं. वीस माणसं गेली. एकही वाचलं नाही. चौकशी अडीच वर्षं चालली. अपघाताचं कारण निघालं वैमानिकांचं धाडस. अरुंद दरीत ते नको तितक्या खालून गेले. पण त्याच चौकशीत विमानाच्या अंगावर गंज आणि देखभालीतल्या उणिवाही सापडल्या. त्यांच्यामुळं विमान पडलं नव्हतं. तरी त्या होत्या.

"त्यांच्यामुळं पडलं न्हाई, म्हणून त्या उणिवा न्हाईत असं व्हतं का?" दादा हळू आवाजात म्हणाला. तो आता जिंकल्यासारखा बोलत नव्हता.

"नाही होत. मी रोज हेच काम करते, मामा. सही माझीही असते. विमान सुटायच्या आधी कागदावर माझं नाव असतं. म्हणून सांगते, मी हौसेपोटी बोलत नाही."

"मग का बोलतीस?"

ती उठली, विहिरीवर जाऊन पाणी पिऊन आली. आमच्या शेतातून मनमाड-सिकंदराबाद मार्गावरची गाडी दिसते. एक मालगाडी जात होती. दादाच्या उमेदीत याच मार्गावर मीटरगेज होतं, धूर होता. तो तिकडं बघत होता. गाडी जाईपर्यंत ती थांबली.

"एक विचारू? वाईट वाटून घेऊ नका."

"विचार."

"बॉयलरचा स्टे बदलायला तुम्ही किती जणांना शिकवलं?"

"माझ्या हाताखाली चार खलाशी होते. दोन चांगले निघाले."

"ते कुठं आहेत?"

"डिझेल आलं, गेज बदललं, वाफेचं सगळं गेलं. एकजण गेला. दुसरा डिझेल शेडात गेला, तिथूनच निवृत्त झाला."

"आणि त्यांनी कुणाला शिकवलं?"

दादानं उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतं. तीस वर्षं त्याच्या बोटांत जे होतं, तापलेल्या तांब्याचा रंग बघून कधी ठोकायचं आणि कधी थांबायचं ते, ते कुणाकडं गेलं नाही. इंजिनं उभी राहिली. पुसली, रंगवली, स्टेशनाबाहेर चौथऱ्यावर चढवली. त्यांना फिटर लागत नाही.

"तुम्ही जपायचं म्हणता ते लाकूड आणि लोखंड," ती म्हणाली. "मी म्हणते हात जपायचे. लिनन कसं चढवायचं हे पुस्तकात आहे, मी वाचलं होतं. तरी पहिल्या तीन चौकटी मी वाया घालवल्या. ही चौथी. ज्या बाईनं मला शिकवलं ती उडणाऱ्या विमानांवर काम करते, म्हणून तिच्या हातात ते जिवंत आहे. उभ्या विमानाचं कापड पन्नास वर्षांत एकदा बदलतात, तेव्हा कुणाला येत असेल ते? आणि आपल्याकडचं सांगू? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबादच्या बेगमपेटला टायगर मॉथवर हवाई दलाची मुलं उडायला शिकली. म्हणजे तिथं कापड शिवणारे, तारा ताणणारे, लाकूड जोडणारे सगळे होते. २०१२ साली हवाई दलाच्या वर्धापन दिनाला एक टायगर मॉथ उडवायचं ठरलं, तेव्हा ते ब्रिटनमध्ये दुरुस्त करून आणावं लागलं. बिकानेरचे अवशेष इंग्लंडला का गेले? पैसा होता म्हणून, हे खरंच. पण हातही तिथंच उरले होते."

मला राहवलं नाही. "पण त्यासाठी प्रवासी कशाला? दादा म्हणतोय तसं रिकामं उडवावं."

"धाकटे मामा, पेट्रोल कोण घालणार? इंजिन ठरावीक तासांनी उघडावं लागतं, कापड काही वर्षांनी बदलावं लागतं. सरकार करणार नाही. विन्सेंटच्या वेळीही केलं नाही. वर बसणाऱ्या माणसाच्या तिकिटावरच खाली शिवणारीचं पोट चालतं. पहिल्यापासून ते तसंच चाललं आहे. १९३२ साली डी हॅविलंडनं फॉक्स मॉथ काढलं, ते याच हिशेबानं. एकच छोटं इंजिन, आत बंद डब्यात तिघं-चौघं प्रवासी आणि वैमानिक मागं, बाहेर वाऱ्यात. खर्च कमी, तिकीट कमी."

"मॉथ म्हंजे?" दादानं विचारलं.

"पतंग. दिव्यावर येतो तो. कंपनीचा मालक जेफ्री डी हॅविलंड फुलपाखरं आणि पतंग गोळा करायचा, त्यांचा अभ्यास करायचा. म्हणून नावं तशी. जिप्सी मॉथ, टायगर मॉथ, पुस मॉथ, फॉक्स मॉथ."

इंग्रजीत किड्याला एक शब्द आणि दोऱ्यानं उडवायच्या कागदाला दुसरा. आपण दोन्हीला पतंगच म्हणतो. बांधावरच्या बाभळीत संक्रांतीचा एक फाटका पतंग अजून अडकलेला होता. कामट्या उघड्या पडल्या होत्या, कागदाची एक पट्टी वाऱ्यावर फडफडत होती. त्या विमानांचं वर्णन याहून नेमकं एका शब्दात कुठल्या भाषेत होत असेल असं मला वाटत नाही.

ऊन कलायला लागलं. वहिनीनं घरून फोन करून दोनदा विचारलं. आरावर राख धरली होती. वाद संपला असं मी म्हणणार नाही. दादा शेवटपर्यंत आपल्या जागेवरून हटला नाही. हत्तीखान्यातलं जे शेवटचं उरलंय त्याला कुणी हात लावू नये, हे त्यानं परत एकदा सांगितलं. भाचीनंही हट्ट सोडला नाही. मी कुणाच्या बाजूचा, असं तिनं मला विचारलं. दादाचं भय मला खरं वाटतं आणि स्वित्झर्लंडची ती वीस माणसं माझ्या मनातून जात नाहीत. तरी आज निवड करायची झाली तर मी तिच्या बाजूला उभा राहीन, असं मी सांगितलं. तिच्या शिवलेल्या चौकटीमुळं, आणि त्याहून जास्त, दादाच्या त्या दोन खलाशांमुळं.

"मी एक अट घालीन," दादा एकदम म्हणाला. "आमच्याकडं मोठी दुरुस्ती झाली की इंजिन टेस्टला जायचं. फिटर फुटप्लेटवर चढायचा. आधी आपण, मग गाडीला डबे. ज्यानं कापड शिवलं त्यानं पहिल्या फेरीला वर बसायचं."

"बसतात, मामा. ती बाई बसली होती."

"आणि तू?"

"मी माझ्या चौकटीवर बसू शकत नाही," ती म्हणाली. "पण पंख शिवला तर बसेन."

दादानं चौकट परत मागून घेतली. चष्मा कपाळावर सरकवला. आता तो नुसतं नख मारत नव्हता. चारी कोपरे, मग कडा, मग मध्य, असं बोट दोन-दोन इंचांवर सरकवत ठोकत होता, मान एका बाजूला कलती करून. शेडात चाकं आणि स्टे तपासताना हातोडीनं ठोकत जायचा तसं. टण्ण, टण्ण, टण्ण. डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याशी आवाज थोडा बसका आला. त्यानं तिथं परत ठोकलं. मग चौकट तिच्या कानाशी धरली.

"इथं," तो म्हणाला. "ऐकू येतंय का? इथली गाठ सैल हाय."

तिनं डोळे मिटून ऐकलं. मग पिशवीतून कात्री काढली.